पान एकशे त्रेचाळीस

पेमेनच्या टपाल कचेरीत मी एकोणतीस वर्षं दोन नंबरच्या खिडकीत बसले. एवढ्या वर्षांत गावातली माणसं मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा पाकिटांवरून जास्त कळायला लागली. वंग छीतुंग या गृहस्थांचं पाकीट तर मी डोळे मिटून ओळखलं असतं. जाड, चारी कडांना डिंक थापलेलं, आणि पत्ता असा काढलेला, की समोरच्यानं तो दहा वेळा गिरवावा. नेहमी रजिस्टर, नेहमी ताइपेच्या एकाच प्रकाशकाच्या नावानं. महिन्यातला एखादा मंगळवार त्यांच्याशिवाय गेला, तर मला वाटायचं म्हातारा आजारी पडला असेल. तो कधी आजारी पडला नाही.

वंग गुरुजी गावच्या माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवला. नकाशातली नदी रंगवताना निळी पेन्सिल रेघेबाहेर गेली, की ते वही उचलून डोक्यावर हाणायचे आणि म्हणायचे, “बुडवलंस गाव.” तीस वर्षं तोच विनोद. नोकरीत असल्यापासूनच त्यांना पक्षी बघायचा नाद होता. नाद हा त्यांचा शब्द. मला तो त्यांचा आणखी एक वर्ग वाटायचा, फरक एवढाच की त्यातली पोरं उडून जाऊ शकत होती.

१९९८च्या ऑक्टोबरात, एका वादळानंतर, मिठागराला लागून असलेल्या होउ काकांच्या मत्स्यतळ्याच्या काठावर गुरुजींनी एक पक्षी पाहिला आणि तो अमेरिकेतला लांबटांग्या तुतवार असल्याचं जाहीर केलं. आमच्या बेटावर तो तोवर कुणीच पाहिला नव्हता. गुरुजींनी फोटोही काढला. त्यात पक्षी थोडा आणि चिखल फार. दहा वर्षांनी बेटावरच्या पक्ष्यांचं मार्गदर्शक पुस्तक निघालं, तेव्हा संपादकांनी भलेपणानं त्यात एक ओळ घातली: ‘एकच नोंद, वंग छीतुंग, पेमेन मिठागर, १९९८.’ पान एकशे त्रेचाळीस.

त्या दिवसापासून गुरुजींच्या पुस्तकाला दुसरं पान उरलं नाही. आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या मंडळात नवा माणूस आला, की त्याच्या हातात दुर्बीण यायच्या आधी ते पान यायचं. “वाचा. मोठ्यानं वाचा.” तो बिचारा वाचायचा. मग गुरुजी जरा लाजल्यासारखं करून म्हणायचे, “असो, आमचं काय एवढं!” हे मी निदान वीस वेळा पाहिलंय.

मंडळ म्हणजे आम्ही चौदा जण. रविवारी पहाटे माशाची गरम पेज पिऊन जुन्या मिठागराच्या बांधावर जमायचं. एक दंतवैद्य, दोन निवृत्त बँकवाले, चिएन वहिनी, मी, आणि बाकीचे असेच, घरात कुणी ऐकून घेत नाही म्हणून बांधावर येणारे. हिवाळ्यात आमच्याकडे उत्तरेकडून काळ्या तोंडाचे चमचे पक्षी येतात, शेकड्यांनी. उन्हाळा लागला की निघून जातात. गुरुजींभोवतीचे चमचे मात्र बारमाही होते, आणि त्यांत मीही होते, हे आधीच कबूल करून टाकते.

२०१८च्या वसंतात बातमी आली, की पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार, पुढच्या हिवाळ्याच्या आत. सगळी चित्रं नवी, नकाशे नवे, आणि पक्ष्यांच्या जातींची नव्यानं मांडणी. काही पक्ष्यांचे एकाचे दोन होणार, काही दोघांचा एक. एवढं ऐकलं मात्र, आणि आमच्या मंडळानं पक्षी बघणं बंद केलं.

खोटं वाटेल, पण असंच झालं. दुर्बिणी डोळ्याला लागायच्या, वह्या उघडायच्या, पण लिहायचं कुणी नाही. समोर शेवग्यावर चष्मेवाल्यांचा थवा किलबिलत असायचा आणि बांधावर हे चालायचं:

“कुठला म्हणायचा हा चष्मेवाला?”

“आत्ता लिहू नका हो. नव्या आवृत्तीत त्याचे दोन झालेत.”

“मग दोन लिहू का?”

“कोणते दोन ते कळल्याशिवाय कसे लिहाल?”

तोवर थवा उडून गेलेला असायचा. दंतवैद्यांनी नवी कोरी वही आणली होती, पहिल्या पानावर ‘नवीन पद्धतीनुसार’ असं लिहून. सहा वर्षं त्या वहीत दुसरी ओळ पडली नाही. जुन्या आवृत्तीची पुस्तकं फाटली, पानं सुटली, चिकटपट्ट्यांवर तगली. एका बँकवाल्याच्या पुस्तकातून बगळ्यांचा अख्खा भाग गळून खाडीत गेला, तर तो म्हणाला, “जाऊ दे, नवीन येतंयच.” तेव्हापासून तो बगळा दिसला की दुसरीकडे बघायचा. चिएन वहिनींनी तर जाहिरातीत दिलेल्या मापावरून मेणकापडाची चौदा कव्हरं शिवून ठेवली, प्रत्येकाच्या नावाचं अक्षर विणून.

हिवाळा आला, पुस्तक आलं नाही. प्रकाशक म्हणाला, वसंतात. मग म्हणाला, कागद मिळत नाही. मग साथ आली, तेव्हा त्याला काही म्हणायची गरजच उरली नाही. साथ गेली, तरी पुस्तक नाही. नंतर त्यानं सांगणंच सोडून दिलं.

या सगळ्यात गुरुजी आमचे पुढारी झाले. दर रविवारी ते बांधावर उभे राहून प्रकाशकाची हजेरी घ्यायचे. “एक पुस्तक छापता येत नाही यांना! मी शाळेत असतो तर बाकावर उभं केलं असतं.” आणि महिन्याचा तो मंगळवार आला की माझ्या खिडकीशी ते पाकीट.

“काय गुरुजी, परत कानउघाडणी?” मी वजन करता करता विचारायची.

“झोपलेत गं ते तिथं, सूचेन. कुणीतरी हलवायला नको?”

“बरंच लिहिलंय की. चाळीस पानं तरी असतील.”

“चांगलं हलवायचं तर चाळीस लागतात.”

मी शिक्का मारायची. आणि रविवारी बांधावर मीच सगळ्यांना सांगायची, की गुरुजींनी आणखी एक पत्र धाडलं. लोक माना डोलवायचे. २०२२च्या वार्षिक जेवणात मंडळानं गुरुजींना एक थर्मास भेट दिला, त्यावर अक्षरं कोरून: ‘अथक पाठपुराव्याबद्दल’. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मला एकदा वाटून गेलं होतं, की नुसतं ‘लवकर छापा’ म्हणायला चाळीस पानं कशाला लागतात. पण तेव्हा समोर तळलेली कालवं आली आणि मी तो विचार सोडून दिला.

२०२३च्या नोव्हेंबरात, एका रविवारी, बांधावर एक अनोळखी बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. शहरी बूट घोट्यापर्यंत चिखलात, छातीशी एक पिशवी धरलेली. त्यांनी मला विचारलं, “वंग छीतुंग इथं भेटतील असं कळलं. कोणते ते?”

मी मोठ्या अभिमानानं बोट दाखवलं. गुरुजी तेव्हा आपली मोठी दुर्बीण तिवईवर चढवत होते.

“मी पेंग. पुस्तकाची संपादक,” त्या म्हणाल्या.

संपादक हा शब्द ऐकल्याबरोबर तेरा माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली. त्यांनी पिशवीतून नव्या आवृत्तीची छपाईआधीची नमुना प्रत काढली, तेव्हा दंतवैद्यांच्या तोंडून असा आवाज निघाला, जो एरवी त्यांच्या खुर्चीत बसलेल्यांच्या तोंडून निघत असेल. सगळे हात पुढे झाले. गुरुजी तेवढे तिवईपाशीच राहिले.

चिएन वहिनींना राहवलं नाही. “काय हो बाई, आमच्या गुरुजींनी किती पत्रं लिहिली तुम्हाला! एकाचंही ऐकलं नाहीत.”

पेंग बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “ऐकलं नाही? वहिनी, यांच्या एकसष्ट हरकती आल्यात. एकसष्टही ऐकल्या. म्हणून तर पुस्तक अडलंय.”

“हरकती?”

मग त्यांनी सांगितलं, उभ्या उभ्या, अजिबात आवाज न चढवता. प्रकाशकानं सुरुवातीला जाहीर केलं होतं, की मागेल त्याला कच्चा मजकूर मिळेल, त्यावर कुणी पुराव्यासह हरकत घेतली तर तीन तज्ज्ञांची समिती ती तपासेल, लेखी उत्तर देईल, आणि मगच पुस्तक छापलं जाईल. समिती तीन महिन्यांनी एकदा बसायची. वंग गुरुजींनी हरकत घेतली नाही असा विषय राहिला नव्हता. नकाशातल्या रंगाची छटा, घुबडाच्या कानाची लांबी, एका ओळीतला स्वल्पविराम. “तीनदा छापखान्याची तारीख ठरली,” बाई म्हणाल्या. “तिन्ही वेळा आदल्या आठवड्यात यांचं रजिस्टर दारात.”

त्या तिन्ही रजिस्टरांवर माझ्या हातचा शिक्का होता.

गुरुजी आता पुढं आले. मान ताठ, आवाज वर्गातला. “चुका असलेलं पुस्तक लोकांच्या हातात द्यायचं? मी शिक्षक आहे, बाई.”

“तुमच्या नऊ हरकती बरोबर निघाल्या, गुरुजी. मोठ्या बगळ्याच्या पायांचा रंग तुमच्यामुळे सुधारला. त्याबद्दल खरंच आभार.” बाईंनी एक कागद काढला. “पण प्रत्येक पत्राच्या शेवटी तुम्ही एकच वाक्य लिहिलंय. वाचू का?”

“काही गरज नाही.”

“वाचा, वाचा,” मागून कुणीतरी म्हणालं.

“‘पान एकशे त्रेचाळीसवरील माझी नोंद कायम ठेवल्यास ही हरकत मागे घेण्यास मी तयार आहे.’ एकसष्ट वेळा.” त्यांनी कागदाची घडी घातली. “तो फोटो आम्ही चार जणांना दाखवला, गुरुजी. तो आपला साधा बारीक चोचीचा तुतवार आहे. ती ओळ राहणार नाही. मी एवढंच सांगायला आले, की आता थांबा.”

खाली तळ्यात होउ काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून जाळं सारखं करत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यात दुर्बिणीला डोळा लावला नाही. आमचं सगळं बोलणं त्यांना ऐकू जात होतं.

“तो वादळातला पक्षी का?” ते खालून ओरडले. “तो तर माझ्या जाळ्यात अडकला होता. मी सोडवला. एक तंगडी मोडून लोंबत होती, म्हणून लांब दिसायची. मास्तर, तेव्हाच नव्हतो का म्हणालो, हा दरवर्षीचाच आहे म्हणून?”

गुरुजींचा चेहरा पहिल्यांदा उतरला, तो इथं. समितीपुढे नाही, बाईंपुढे नाही, एका कोळ्यापुढे.

“तुम्हाला वाचता तरी येतं का हो?” ते खेकसले.

“वाचायला कशाला लागतंय? हातात होता माझ्या.”

“मग पंचवीस वर्षं गप्प का बसलात, काका?” मी विचारलं.

“मला विचारलं कुणी?” काका म्हणाले आणि परत जाळ्याकडे वळले.

आता माझी खात्री होती, की मंडळ गुरुजींवर तुटून पडणार. सहा वर्षं! या माणसानं आमच्या नाकाखाली आमचं पुस्तक अडवून धरलं, वर आमच्याकडून थर्मास घेतला. मी स्वतः काय बोलायचं ते मनात जुळवत होते. तेवढ्यात चिएन वहिनी पुढे झाल्या, नमुना प्रत हातात घेतली, उभी धरली, आडवी धरली, आणि म्हणाल्या, “बाई, याचं माप बदललं का हो?”

“हो. दोन बोटं वाढलंय.”

“अगं बाई! माझी कव्हरं!”

मग दंतवैद्यांनी विचारलं, चष्मेवाल्याचे नक्की दोनच झाले ना. बगळे गमावलेल्या बँकवाल्यानं विचारलं, बांधणी शिवलेली आहे की चिकटवलेली. कुणी गुरुजींकडे वळून पाहिलं नाही. रागानं सोडा, कुतूहलानंही नाही. त्यांना पुस्तक हवं होतं. ते कुणी अडवलं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

गुरुजी तिवई मिटायला लागले. एक पाय मिटेना. त्यांनी दाबला, हिसडला, गुडघ्यावर आपटला. मी तीन पावलांवर होते. मदत करावी असं मला वाटलं आणि मी केली नाही. शेवटी तो पाय तसाच उघडा ठेवून त्यांनी तिवई स्कूटरला बांधली आणि ते गेले.

मंगळवारी ते माझ्या खिडकीशी आले. पाकीट पातळ होतं, आत एकच कागद असावा.

“रजिस्टर ना?” मी सवयीनं म्हणाले.

“साधं.”

“पोच नको?”

“नको. मागे घेतलंय सगळं. नाही पोचलं तरी चालेल.”

पोचलं. मी स्वतः पिशवीत टाकलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये पुस्तक आलं.

ज्या रविवारी प्रती वाटल्या, तो चमचे उत्तरेला निघायचा दिवस होता. असा दिवस वर्षातून एखादा मिळतो, आणि कधी मिळतही नाही. आठ वाजता मिठागराच्या पलीकडून ते उठले, तीनशे तरी असतील. वर वर चढत, गोल फिरत आमच्या डोक्यावर आले. पंखांचा आवाज ऐकू येत होता. मी मान वर करून बघत होते. बाकीच्या बारा माना खाली होत्या. दंतवैद्य अनुक्रमणिका वाचत होते. “चमच्यांचं चित्र छान काढलंय हां यात,” कुणीतरी म्हणालं. मी त्यांना हाक मारली नाही. माझ्या एकटीच्या वाट्याला तीनशे आले, ते मी कुणाला द्यायला तयार नव्हते.

गुरुजी त्या दिवशी आले नाहीत. अख्खा उन्हाळा आले नाहीत. माझी नोकरी जूनमध्ये संपली. ऑगस्टच्या एका गुरुवारी मी सहज मिठागराकडे गेले, तर ते होउ काकांच्या तळ्याशी एकटेच बसलेले. वाळले होते. पाणी ओसरलं होतं आणि चिखलात दहाबारा तुतवार चोची खुपसत फिरत होते, आमचे नेहमीचे, बारीक चोचीचे.

मी शेजारी बसले. मग तेच म्हणाले, “सूचेन, खरं सांग. तुला काय वाटतं त्याबद्दल?”

“त्या पक्ष्याबद्दल? साधा तुतवार होता, गुरुजी.”

त्यांनी समोरच्या एकाकडे पाहिलं. तो एका पायावर उभा होता.

“हो,” ते म्हणाले. “मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं. पण तोवर मी मुख्याध्यापकांना सांगून बसलो होतो.”

एवढंच. मुख्याध्यापकांना सांगून बसलो होतो! त्या एका वाक्यापायी एक ओळ, त्या ओळीपायी एकसष्ट पत्रं, आणि चौदा माणसांची सहा वर्षं. पण मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल, नोव्हेंबरापासून पहिल्यांदाच म्हणा, जरा बरं वाटलं. माणूस एकदा तरी खरं बोलला. मी त्यांना माझ्या डब्यातला शिजवलेला तारोचा कंद दिला. त्यांनी खाल्ला.

म्हणून मी सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी मुद्दाम मंडळात गेले. गुरुजी आले होते. चांगले सावरलेले, शर्टाला इस्त्री. नवी आवृत्ती काखेत, आणि तिच्यात पेन्सिलीच्या खुणा घातलेल्या कागदाच्या पट्ट्या. भोवती नेहमीचं कोंडाळं. एक नवीन जोडपं आलं होतं, ताइनान शहरातून. गुरुजी त्यांना समजावत होते:

“यात एक नोंद गाळलीय बघा. माझीच आहे म्हणून मी काही बोलत नाही. पण फोटोवरून ठामपणे काही सांगता येत नाही, असं समितीतल्याच एकाचं खासगीत मत होतं. एका अडाणी कोळ्याच्या बोलण्यावर विसंबले. असो, आमचं काय एवढं!”

जोडप्यानं हळहळल्यासारखं केलं. चिएन वहिनी, ज्यांनी नोव्हेंबरात सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, मान डोलावून म्हणाल्या, “अन्यायच झाला हो.” त्यांच्या हातात नवं कव्हर होतं, दोन बोटं वाढवून शिवलेलं.

गुरुजींची नजर माझ्याकडे वळली. डोळ्याला डोळा भिडला. मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प होईल.

“या, सूचेन ताई,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला ताई म्हटलं. “या सूचेन ताई टपाल कचेरीत होत्या. माझी सगळी पत्रं यांच्या हातून गेलीत. विचारा यांना, किती पाठपुरावा केला मी.”

सगळे चेहरे माझ्याकडे वळले.

“एकसष्ट,” मी म्हणाले. “सगळ्या हरकती होत्या. आणि बासष्टावं पत्र माघारीचं होतं, ते साध्या टपालानं गेलं.”

“बासष्ट!” जोडप्यातली बाई कौतुकानं म्हणाली. “केवढी चिकाटी!”

“तिसऱ्या आवृत्तीचं काही कळलं का हो, गुरुजी?” दंतवैद्यांनी विचारलं, आणि गुरुजींनी काखेतलं पुस्तक पट्टीशी उघडलं.

मी तिथून उठले आणि परत कधी त्या मंडळात गेले नाही. हल्ली मी गुरुवारी जाते, होउ काकांच्या तळ्यावर. काकांना पक्ष्यांची नावं माहीत नाहीत. कुठला कधी येतो आणि मासे किती खातो, एवढं ते सांगतात, आणि ते चुकत नाहीत.